पडद्याआडचे पाणी

९ जानेवारी

मुली,

आशीर्वाद गृहीत धर. तो आपल्या वादाचा विषय नाही.

फोनवर बोलायचे नाही, जे असेल ते लिहून कळवायचे, अशी अट तू घातलीस. "फोनवर तूच जिंकतेस, आई. लिहिलंस तर मला निदान दोनदा वाचता येईल," हे तुझे कारण. कारण सुसंगत आहे, म्हणून अट मान्य. फक्त एवढे नमूद करते की जिंकणाऱ्याशी बोलणे बंद करणे हा प्रतिवाद नव्हे.

तू त्या दूरच्या पुलाच्या कामावर गेलीस आणि वर्षभर मुंगीला सांभाळायला विहीणबाईंना परगावाहून बोलावून घेतलेस. मी त्याच इमारतीत, तुमच्या दोन मजले खाली राहते. हे भौगोलिक सत्य तुला ठाऊक होते. "तू तिला प्रश्न विचारतेस, आई. त्या तिच्याशी बोलतात," असे तू निघताना म्हणालीस. त्यावर मला जे म्हणायचे होते ते मी त्याच दिवशी म्हटले आहे आणि त्यानंतरच मला येणारे तुझे फोन बंद झाले. ते पुन्हा उगाळत नाही.

मुद्द्यावर येते. मुंगी माझ्या हाकेला ओ देत नाही.

शाळेतून आल्यावर, विहीणबाई पोहायला जातात तेवढा वेळ, ती माझ्याकडे असते. खिडकीखालच्या टेबलाशी पाठमोरी बसून चित्रे काढते. मी मागे, माझ्या खुर्चीत. मी म्हणते, "मुंगी, दूध झालंय." उत्तर नाही. पुन्हा म्हणते. पेन्सिलसुद्धा थबकत नाही. उठून समोर गेले की मान वर करते आणि मी त्या खोलीत आत्ताच अवतरले असावे अशा नजरेने विचारते, "काय?" आवाज चढवणे माझ्या स्वभावात नाही. सगळ्या नोकरीभर मी तर्कशास्त्र शिकवले ते याच आवाजात; शेवटच्या बाकावरची मुले तो टिपण्यासाठी श्वास रोखून बसत. पाच वर्षांच्या मुलीसाठी तो मी बदलावा, असे मला वाटत नाही.

मग विहीणबाई येतात. जन्मभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलेली बाई, आवाज मैदानाच्या मापाचा. अजून जिन्यावरच असतात, तोवर "मुंगेऽऽ!" अशी आरोळी येते आणि ही पेन्सिल टाकून, खुर्ची पाडून धावत सुटते. दारात त्या वाकतात, तिचे दोन्ही गाल हातांत धरतात आणि नाकाला नाक भिडवून विचारतात, "काय काय केलंस गं खालच्या आजीकडे?" जे उत्तर मला सबंध दुपारभर मिळालेले नसते ते त्यांना तिथल्या तिथे मिळते.

"खालची आजी" म्हणजे मी. त्या "वरची आजी". मजल्यांवरून पडलेली नावे आहेत, असे तुझा नवरा हसत सांगतो. असतील. तो मला "अहो आई" म्हणतो आणि त्यांना "अगं आई", त्यालाही असेच काही निरुपद्रवी कारण असेल.

आता नीट बघ. मूल एकीच्या हाकेला ओ देते, म्हणजे त्याच्या कानांत दोष नाही. ते चुणचुणीत आहे, म्हणजे समजुतीतही दोष नाही. उरते ते एकच. दुसरीला ते जाणूनबुजून उत्तर देत नाही. पाच वर्षांचे मूल असा बहिष्कार आपण होऊन पुकारत नाही. त्याला तो शिकवावा लागतो. शिकवायला घरात कोण आहे ते तूच पाहा. तुझ्या नवऱ्याला मी यातून वगळते, कारण त्याला तेवढी फुरसत नसते.

आणखी लाडाचे परिणाम हवे असतील तर तेही आहेत. वर्गात ही तंद्रीत असते, अशी तिच्या बाईंची तक्रार आली. टीव्ही इतका मोठा लावू देतात की बातम्या माझ्या छतालाही कळतात. पावसाळ्यातली सर्दी गेली तरी तोंड उघडे टाकून झोपते आणि घोरते. त्याचे "वरती" कौतुक होते.

वर काय चालते ते कान लावून ऐकण्याची मला सवय नाही. जिन्याच्या पोकळीतून आवाज खाली येतो आणि माझे दार हवेसाठी उघडे असते. काल संध्याकाळी बराच वेळ हसणे चालू होते. कशावरून ते कळले नाही.

माझी मागणी साधी आहे. यापुढे शाळेनंतरचा सगळा वेळ मुंगी माझ्याकडे असावी. विहीणबाईंनी पोहावे, फिरावे, हवे ते करावे.

आई


२४ जानेवारी

मुली,

तुझे उत्तर मिळाले. पूर्ण कागदावर दोनच शब्द: "आई, पुरावा?"

हा प्रश्न तुला मीच शिकवला, तेव्हा त्याच्यावर चिडण्याचा अधिकार मला नाही. पुरावा मिळवला. तो ज्या क्रमाने मिळाला त्याच क्रमाने मांडते. मधली एक गोष्ट वाचून तुझे माझ्याविषयीचे मत आणखी खाली जाईल, पण ती वगळली तर पुढचे सगळे लंगडे पडेल.

रविवारी संध्याकाळी मी वर गेले. तुझा नवरा शर्टांना इस्त्री करत होता. विहीणबाई मटार सोलत होत्या. मुंगी गालिच्यावर, आमच्याकडे पाठ करून, ठोकळ्यांचा पूल बांधत होती.

"विहीणबाई, एक स्पष्ट विचारते," मी म्हणाले. "ही माझ्या हाकेला ओ देत नाही, याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे का?"

"अहो ताई, मला तरी कुठे देते!" त्या हसल्या. "मी आपली दंडाला धरते आणि वळवते. मैदानावर पोरींचा हा गोंधळ, तिथं हाका मारत बसलं तर कवायत व्हायची कधी?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या हाकेला ती धावते."

"माझ्या हाकेला समोरच्या इमारतीतला कुत्रासुद्धा धावतो, ताई."

तुझा नवरा फिसकन हसला. मग माझ्याकडे बघून सावरला. "अहो आई, ती तिच्याच नादात असते हो. लहानपणी मीही असाच होतो."

"होतास कसला, अजून आहेस," विहीणबाई म्हणाल्या. "मघापासून एकाच बाहीला इस्त्री करतोयस."

हे असे घर. कोणताही प्रश्न तिथे हशात बुडतो. मी म्हणाले, "मग पडताळून पाहू." अटी मी ठरवल्या. दोघींनी तिच्या मागे, दारापाशी, एकाच जागी उभे राहायचे. शब्द तोच. आवाजाची पट्टीही तीच, म्हणजे माझी.

"तुमच्या आवाजात?" विहीणबाईंनी डोळे मोठे केले. "म्हणजे पेशंटच्या उशाशी बोलल्यासारखं?"

आधी मी हाक मारली. मुंगीने एक ठोकळा उचलून दुसऱ्यावर ठेवला. मग विहीणबाईंची पाळी. पहिल्या प्रयत्नाला खिडकीची काच थरारली. मी तो बाद ठरवला. दुसऱ्यालाही बाद केले. तुझा नवरा इस्त्री उभी ठेवून भिंतीला टेकून हसत होता. तिसऱ्या वेळी त्यांनी छातीवर हात ठेवला, खरोखरीच माझ्या पट्टीत आल्या आणि म्हणाल्या, "मुंगी."

मुंगी वळली नाही.

"मुंगी, इकडे ये."

ती पुलाच्या खांबाशी बोटाने काहीतरी मापत राहिली.

आता ती गोष्ट. मला आनंद झाला. समाधान झाले, असे मी लिहू शकले असते, पण तो आनंदच होता, अगदी उघडा. ती त्यांचीही नव्हती! माझ्या आवाजात बोलल्यावर विहीणबाईसुद्धा त्या मुलीला माझ्याइतक्याच परक्या होत्या. किती दिवसांत मला इतके हलके वाटले नव्हते. "पुन्हा एकदा," मी म्हणाले. शंका उरली होती म्हणून नव्हे. मला ते पुन्हा पाहायचे होते.

तेव्हा माझे लक्ष विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे गेले. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. चपला काढून, पावलांचा आवाज न करता त्या मुंगीच्या अगदी मागे गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि तिला स्पर्श न करता, तिच्या कानापासून हातभर अंतरावर, कुजबुजल्या, "मुंगे, आईचा फोन आलाय."

तुझ्या फोनसाठी ती मुलगी काय करते ते तुला माहीत नाही, कारण तू पलीकडे असतेस. मी पाहिले आहे. ती जेवणाचे ताट लाथाडून धावते.

तिने पुलावर शेवटचा ठोकळा ठेवला आणि मान तिरकी करून तो सरळ बसला का ते पाहिले.

तुझ्या नवऱ्याचे हसणे थांबले. विहीणबाई गुडघ्यांवरूनच माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "ताई, हिच्यापर्यंत आपला आवाजच पोचत नाहीये हो."

मुली, जिथे अग्नी तिथे धूर, असे बेधडक म्हणणारा ओले सरपण विसरतो. धूर ओलाव्यामुळे असतो, निव्वळ अग्नीमुळे नाही. या न दिसणाऱ्या अटीला आमच्या शास्त्रात उपाधी म्हणतात. वर्गावर मी ती दरवर्षी समजावून सांगत असे. जिथे माया तिथे उत्तर, असे मी धरून चालले होते. मोठा आवाज, समोर आलेला चेहरा, गालांवरचे हात, ही उपाधी माझ्या डोळ्यांसमोर रोज होती आणि मी तिच्याकडे बघून फक्त जळत होते.

उद्या कानाच्या डॉक्टरांकडे नेत आहोत. मी जाणार आहे. विहीणबाईही येणार आहेत. मी त्यांना गरज नसल्याचे सुचवले. त्या चप्पल शोधत होत्या, त्यांच्या लक्षात आले नाही.

आई


२ फेब्रुवारी

मुली,

"तुला आनंद झाला हे मला लिहायची काय गरज होती?" असे तू विचारतेस. होती. पुरावा तू मागितलास; साक्षीदार कसा आहे हेही तुला कळायला हवे.

तुझ्या नवऱ्याने डॉक्टरांचे निदान फोनवर सांगितलेच असेल. तरी मी जे पाहिले ते लिहिते, कारण तो घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाचे वर्णन विस्कळीत असते.

डॉक्टर तरुण आहेत, कमी बोलतात, मला बऱ्या वाटल्या. त्यांनी विचारले, "हिला मांडीवर कोण घेणार?" मी पुढे झाले. मुंगी तोवर विहीणबाईंच्या मांडीवर चढलीही होती. मी बाजूच्या स्टुलावर बसले. स्टूल फिरते होते. प्रतिष्ठेने बसणे अवघड गेले.

डॉक्टरांनी कानात दुर्बीण घातली. तिच्यातले दृश्य समोरच्या पडद्यावर मोठे होऊन दिसते. कानाचा पडदा करडा, मोत्याच्या झाकेचा असायला हवा, म्हणे. मुंगीचा पिवळट होता, आत ओढला गेलेला, आणि त्याच्या आड दोन बुडबुडे अडकलेले. मग त्यांनी दुर्बिणीला जोडलेला रबरी फुगा दाबला. कानात हवेची हलकी फुंकर गेली. "चांगला पडदा या फुंकरीनं हलतो," त्या म्हणाल्या. मुंगीचा हलला नाही. पुन्हा दाबला. नाही. इतका नेमका पुरावा मी आयुष्यात क्वचितच पाहिला असेल. वाद घालायला जागाच नव्हती, आणि मी शोधून पाहिली.

पुढे एक यंत्र. कानात मऊ रबरी बूच बसवून ते आतला दाब कमीजास्त करते आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख काढते. आलेखात मध्ये डोंगरासारखा उंचवटा हवा. उजव्या कानाची रेष आडवी गेली. डाव्या कानाचीही. नंतर काचेच्या खोलीत मुंगीला हेडफोन लावले. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. पुष्कळ वेळ ती हातात ठोकळा धरून, फार शहाण्यासारखी, वाट पाहत बसलेली होती. काचेच्या अलीकडे आम्हाला दिवा लागलेला दिसत होता, म्हणजे आवाज चालू होता.

"पडद्याच्या मागे छोटी पोकळी असते, तिथं हवा हवी," डॉक्टरांनी सांगितले. "नाकाच्या मागून एक बारीक नळी ती हवा पोचवते. सर्दीत ती नळी सुजून बंद झाली की आत पाणी साठतं. मग ते घट्ट होतं, डिंकासारखं. दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. पाण्यात डोकं बुडवून ऐकावं तसं तिला ऐकू येतंय."

"कधीपासून?" मी विचारले.

"काही महिने तरी. कोणाच्या लक्षात आलं?"

मी तोंड उघडण्याआधी विहीणबाई म्हणाल्या, "ह्यांच्या. मी चोवीस तास जवळ असते, मला नाही कळलं."

उदारपणा हा वादातला सर्वांत अन्यायाचा डाव आहे. त्याला उत्तर देता येत नाही.

"कसं लक्षात आलं तुमच्या?" डॉक्टरांनी मला विचारले.

"निरीक्षणातून," मी म्हणाले.

औषधांनी यात फारसे साधत नाही. बऱ्याच मुलांचे पाणी आपोआप निचरते, म्हणून तीन महिने थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. तेव्हाही तसेच असेल तर पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढायचे आणि तिथे एक इवलीशी नळी बसवायची. तोवर तिच्याशी कसे बोलायचे तेही त्यांनी सांगितले. जवळ जायचे, समोर यायचे, तिचे लक्ष आपल्याकडे घ्यायचे, टीव्ही बंद करायचा आणि मग बोलायचे.

"हे तर मी करतेच," विहीणबाई म्हणाल्या.

"म्हणून तर इतके दिवस कोणाला कळलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा टोमणा नव्हता. पण विहीणबाईंचा चेहरा असा उतरला की मी नजर खाली घेतली.

त्यांच्या जिव्हाळ्याने जे झाकले होते ते माझ्या मत्सराने उघडे पाडले. हा निष्कर्ष मला गोड लागायला हवा होता. थोडा लागलाही. परतताना टॅक्सीत विहीणबाई रडल्या. आवाज मोठा, तसे रडणेही मोठे. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिले. मुंगी त्यांच्या गालावर थोपटत होती आणि मधूनच त्यांचे तोंड आपल्याकडे वळवून बघत होती, त्या काय म्हणताहेत ते कळावे म्हणून. मी खिडकीबाहेर पाहत होते आणि विचार करत होते की मी रडले असते तर त्या हाताने मला थोपटले असते का. टॅक्सीत आजारी मूल होते, हे मला माहीत आहे. तरी विचार हाच होता.

आई


११ मे

मुली,

मधल्या काळात मी आवाज बदलला नाही. जागा बदलली. मुंगीसमोर जमिनीवर बसते. गुडघे कुरकुरतात, उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो. पण उजेड चेहऱ्यावर येईल असे बसून बोलले की ती उत्तर देते. चक्क देते. काल तिने मला विचारले, "तुझे दात कधी पडणार?" मी म्हणाले की पडून गेले, हे दुसरे आहेत. "मग तिसरे?" तेही येतील म्हणाले. बराच वेळ आमचे बोलणे चालले. तू म्हणतेस तसे मी प्रश्न विचारत नव्हते. तीच विचारत होती.

तेव्हा मी एक नवे अनुमान बांधले. ते तुझ्यापासून लपवत नाही. या मुलीच्या आणि माझ्या मध्ये पाणी आहे. पाणी गेले की ती जितकी त्यांची तितकीच माझी असेल. मला वाटते, या महिन्यांत मी त्या पाण्याचा जितका विचार केला तितका डॉक्टरांनीही केला नसेल.

शुक्रवारी पुन्हा तपासणी झाली. तोच पिवळा पडदा. फुगा दाबला, हलला नाही. दोन्ही रेषा आडव्या. शाळेतल्या बाईंनी सुटी लागेपर्यंत तिला पहिल्या बाकावर बसवले, तरी ती शब्दांचे शेवट गाळून बोलू लागली आहे. डॉक्टर म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही. पुढल्या आठवड्यात नळ्या बसवायच्या. काम लहान आहे, पण भूल द्यावी लागते. मुलाला भूल चढेपर्यंत घरचे एक माणूस आत थांबू शकते. एकच.

ते माणूस मी असावे, अशी मी तुझ्या नवऱ्याकडे रीतसर मागणी केली. कारणे तीन दिली. मी शांत असते. मी रडत नाही. दोष मी शोधला. तो म्हणाला, "अहो आई, मी हिला विचारतो," आणि तुला कळवले. तुझे उत्तर त्याने मला वाचून दाखवले: "मुंगीला विचारा."

म्हणून मुंगीला विचारले. मी विचारले, कारण प्रश्न मांडण्यात या घरात माझ्याइतका कोणी तरबेज नाही, आणि ते सर्वांना मान्य झाले. तिला समोर बसवले. दिवा लावला. सावकाश, स्वच्छ विचारले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तिच्या पाठीमागून पुटपुटले असते तर ती "अं" म्हणाली असती, आणि त्या "अं"चा अर्थ लावणे माझ्या हातात होते. ते मला सुचले. मी तसे केले नाही.

"तुला झोपेचं औषध देतील तेव्हा हात धरायला कोण हवं? वरची आजी की मी?"

तिने विचार केला. "आत अंधार असतो?"

"नाही. भरपूर उजेड असतो."

"मग वरची आजी."

"आणि अंधार असता तर?" हा प्रश्न अनावश्यक होता.

"तरी वरची आजी," मुंगी म्हणाली आणि मला वाईट वाटले असेल असे वाटून तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बाहेर बस. बाबाला भीती वाटते."

आई


३ जून

मुली,

सगळे व्यवस्थित झाले, हे तुला त्याच दिवशी कळले. पाणी खरोखरच डिंकासारखे निघाले, असे डॉक्टरांनी सांगितले. मी बाहेर बाकावर होते. तुझ्या नवऱ्याला खरोखरच भीती वाटत होती. मी त्याला एका निरुपयोगी विषयावर वादात गुंतवून ठेवले आणि मुद्दाम हरले. विहीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा हात पुढे आलेला तसाच होता, कोणी तरी धरलेला असावा तसा. झोप लागेपर्यंत सोडला नाही म्हणे तिने.

परतताना मुंगीने टॅक्सीत कानांवर हात ठेवले. "गाडी ओरडतेय!" घरी आल्यावर नळ सोडला आणि दचकून बंद केला. पुन्हा सोडला. पुन्हा बंद केला. कागद चुरगाळून कानाशी धरला. जिना चढताना मध्येच थांबून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे आली, माझ्या खुर्चीला हलवून म्हणाली, "आजी, ही बोलते!" ती खुर्ची वर्षानुवर्षे करकरते आहे. तिला ती मुकी वाटत होती.

परवाच्या तपासणीत सगळे ठोकळे वेळेवर डब्यात पडले. डॉक्टर हसल्या, पहिल्यांदाच हसताना पाहिले.

आता माझे अनुमान. पाणी गेले. मध्ये काही उरले नाही. काल दुपारी विहीणबाई घरीच होत्या, मुंगी वर होती. मी माझ्या दारात उभी राहिले आणि हाक मारली. आवाज तोच, माझा. जराही चढवला नाही.

"मुंगी."

वरच्या वळणावर ती लगेच दिसली. दोन्ही हातांनी कठडा धरून खाली वाकली. "काय गं आजी?"

मुली, एका हाकेत.

"खाली येतेस? तुझ्या रंगांना टोक करून ठेवलंय."

"नको," मुंगी म्हणाली. "आम्ही चादरीचा तंबू करतोय."

नीट समजून घे. हे मौन नव्हते. तिने शब्द न शब्द ऐकला, त्याचा विचार केला आणि कारण देऊन नकार दिला. असा स्वच्छ नकार मला फार दिवसांत कोणी दिला नव्हता. तुझी एका ओळीची पत्रे सोडून.

माझ्या पहिल्या पत्रात एक विधान नव्हते. बहिष्कार, शिकवणे, लाड, हे सगळे मी लिहिले, कारण ते सिद्ध करता येईल असे वाटत होते. पण या सगळ्याच्या तळाशी जे होते ते मी लिहिले नाही. मुलीला त्या अधिक आवडतात, हे ते विधान. आधी मी त्याचा दोष विहीणबाईंवर ढकलला, मग पाण्यावर. दोन्ही कारणे खोटी ठरली. कारण खोटे ठरले म्हणून विधान खोटे ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षात येते. मला ते जिन्यात उभे राहून कळले आणि मला विहीणबाईंचा हेवा वाटला, पूर्वीइतकाच, कोणत्याही कारणाशिवाय. हेव्याला कारण नसले तरी चालते, असे दिसते.

मी आत वळणार होते. तेवढ्यात वरून आवाज आला, "आजी, तू ये ना वर! पण तंबूत दोघीच मावतात. तू पहारा कर."

मी गेले. दाराला कुलूप लावायचेही विसरले. वर खोलीत दोन खुर्च्यांवर चादर टाकलेली होती आणि तिच्याखालून विहीणबाईंचे पाय बाहेर आले होते. "या ताई," त्या आतून म्हणाल्या. "माझी कंबर गेली बघा. पुढच्या वेळी तुम्ही आत, मी पहाऱ्यावर." मुंगी म्हणाली, "नाही, पुढच्या वेळीही आपणच." विहीणबाई जोरात हसल्या. मी हसले नाही, पण मला तिचा आवाज आवडला. शब्दाचा शेवट कुठेही गळला नव्हता.

मला एक खुर्ची दिली. हातात पट्टी दिली, भाला म्हणून. चादरीच्या आड दोघींचे कुजबुजणे सुरू झाले. आधी एक कुजबुज, मग दुसरी, पुन्हा पहिली. ऐकून, थांबून, उत्तर देऊन. मला त्यातले काही कळले नाही. काय बोलताय, असे मी विचारले नाही. पहारेकऱ्याने विचारायचे नसते.

तुझी सुटी मंजूर झाली की कळव. फोन केलास तरी चालेल, मी कमी बोलेन. मुंगी वर असते. पहाऱ्यावर मी आहे.

आई